धुराची हजेरी

मी प्राथमिक शाळेत शिकवते. रोज सकाळी हजेरी घेते. नाव पुकारलं की पोरं 'हजर' म्हणतात, आणि एखादा पठ्ठ्या घरी राहिलेल्या दोस्ताच्या वाटचंही 'हजर' म्हणून टाकतो. तेव्हा मला कवडूमामा आठवतात. त्यांच्या हजेरीत असली चोरी चालत नसे. ते जंगलातल्या लोखंडी टॉवरवर बसून आजूबाजूच्या वस्त्यांची हजेरी घ्यायचे, तीही कुणाचं नाव न पुकारता, नुसत्या धुरावरून.

कवडूमामा माझ्या आईचे धाकटे भाऊ. त्यांच्या आधीची दोन मुलं जगली नव्हती, म्हणून आजीनं यांना जन्मताच शेजारणीच्या ओटीत टाकलं आणि एक कवडी देऊन परत विकत घेतलं. नाव पडलं कवडू. आई म्हणायची, शेजारणीनं तो पुरता परत केलाच नाही. कारण मामा घरात असले तरी घरात नसत. बोलताना ते समोरच्याच्या तोंडाकडे बघत नसत. त्याच्या खांद्यावरून पलीकडे, लांब कुठेतरी बघत. नवीन माणसाला वाटे, मागे कोणी आलं की काय, आणि तो वळून बघे. मामांच्या लग्नात मामींच्या माहेरची मंडळी अशी वळून वळून दमली होती म्हणे.

पांढरकवड्याहून हैदराबादच्या दिशेनं निघालं की थोड्याच अंतरावर हायवेच्या उजव्या हाताला एक टेकाड लागतं. त्यावर दहा-बारा घरं आहेत. सगळ्यात वरचं, जरा एकटं पडलेलं घर मामांचं. त्याच्या मागे सागाचं जंगल सुरू होतं. मामांची थोडी शेती होती, त्यात पऱ्हाटी म्हणजे कापूस आणि तूर व्हायची, पण शेतकरी म्हणून ते कधी कुणाच्या लक्षात राहिले नाहीत. होळी झाली की पावसाळा लागेपर्यंत ते जंगल खात्याच्या टॉवरवर रोजंदारीनं बसत. कुठे आग लागलेली दिसली की उतरून गार्डाला कळवायचं, एवढंच काम. लोक त्यांना 'टावरवाले' म्हणत. वर्षाचे उरलेले महिने ते बहुतेक होळीचीच वाट बघत असावेत.

मामी लवकर गेल्या. त्यांची एकुलती एक मुलगी सुनंदा, आमची सुनी, तेव्हा चार वर्षांची होती. तिला कुणाकडे ठेवायचं म्हणून मामा तिला टॉवरवरच न्यायला लागले. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी मामांकडे असायची, त्यामुळे दुपारची भाकर घेऊन मीही वर जायची. टॉवरचे नियम ठरलेले होते. चपला खाली काढायच्या. वर गेल्यावर मामांची एक फेरी पुरी होईपर्यंत तोंड उघडायचं नाही. मामा चारी बाजूंना एकेकदा थांबून बघत, मग खांद्यावरच्या दुपट्ट्याच्या टोकाला एक गाठ मारत आणि म्हणत, "हं. बोला आता."

आम्ही दोघी काय बोलणार? बोलायचे तेच. आम्हाला धूर शिकवायचे.

"तो पांढरा पाह्य. कोनी तरी मोहाखालचा वल्ला पाला जाळून राह्यला. अन् तिकडचा निळसर, तो वाळल्या लाकडाचा. तो खाली पसरला ना, तो गोवरीचा. गोवरीचा धूर भल्ला आळशी असते, घर सोडत नाही."

सुनी पटापट ओळखायची. मला सगळे धूर सारखेच दिसायचे. पुढे मी शिकवायला लागले आणि सुनी दहावीत नापास झाली, पण टॉवरवरच्या शाळेत पहिला नंबर तिचाच होता.

खरी हजेरी असायची ती संध्याकाळी, उतरायच्या आधी. तेव्हा घरोघरी चुली पेटत. मामा कठड्याला पोट लावून मोजायचे. "कोलामाच्या पोडात नऊ." पोड म्हणजे कोलाम आदिवासींची वस्ती, टेकड्यांच्या मध्ये होती. "तांड्यावर एकवीस. आपल्या टेकाडावर अकरा." मग घरागणिक शेरे. अमक्याकडे चूल उशिरा पेटली, म्हणजे सासू-सुनेचं वाजलं असेल. तमक्याकडे दोन चुली दिसतात, म्हणजे पाहुणे आले. आम्ही खाली उतरून चौकशी करायचो आणि बहुतेक वेळा ते खरं निघायचं. कुणी विचारलं, तुम्हाला एवढं कसं कळतं, तर मामा त्याच्या खांद्यावरून बघत म्हणायचे, "मानसाले विचारलं तं बरं आहे म्हनते. धूर तसं म्हनत नाही."

पोडाच्या टोकाला सोनाबाई नावाची म्हातारी एकटी राहायची. एका उन्हाळ्यात सकाळच्या हजेरीला तिच्या घराचा धूर नव्हता. दुपारीही नव्हता. मामांची चुळबुळ सुरू झाली. भाकर तशीच ठेवून ते आम्हा दोघींना म्हणाले, "इथंच बसा. जंगलाकडं पाहात राहा." आणि शिडी उतरून गेले. टॉवर सोडून जायची त्यांना परवानगी नव्हती. पोडात पोचले तर म्हातारी तापानं फणफणलेली, मडकं कोरडं. शेजाऱ्यांना वाटत होतं ती लेकीकडे गेली. मामांनी तिला पाणी पाजलं, माणसं गोळा केली, बैलगाडीतून दवाखान्यात धाडलं. म्हातारी वाचली. इकडे मात्र नाल्यापलीकडे गवत पेटलं. आम्ही दोघी वरून ओरडलो, पण आमचं ऐकणार कोण? गार्ड आला तेव्हा टॉवरवर मामा नव्हते, दोन रडणाऱ्या पोरी होत्या. त्या उन्हाळ्याचे उरलेले दिवस तिथे दुसरा माणूस बसला.

मामांनी वाद घातला नाही. मीच आगाऊपणे विचारलं, "मामा, तुमचं काम तर जंगल पाहायचं होतं ना?"

"जंगलात धूर दिसला का उतराचं," मामा म्हणाले. "गावात धूर नाही दिसला का उतराचं. दोन्ही कामंच आहेत माय. घराले धूर आहे तवरोक घर बरं आहे, आपन आपल्या जागी बसाचं."

सुनीनं ते पाढ्यासारखं पाठ केलं. कितीतरी दिवस ती अंगणात दोरीवर उड्या मारताना तेच म्हणायची.

ती मोठी झाली. हायवेवरच्या ढाब्यावर थांबणाऱ्या एका ट्रक ड्रायव्हरशी तिचं जमलं. तो तेलंगणातला, जात वेगळी, भाषाही वेगळी. मामांना बाहेरून कळलं. त्यांनी आवाज चढवला नाही, कधीच चढवत नसत. भाकर खाता खाता एवढंच म्हणाले, "गेली तं मंग हे पायरी चढू नको." दुसऱ्या दिवशी ते टॉवरवर होते. त्यांना वरून सगळं दिसलं. सुनी पिशवी घेऊन टेकाड उतरली, हायवेला लागली, उभ्या असलेल्या ट्रकजवळ जरा थांबली आणि चढली. हे मामांनी मला फार वर्षांनी सांगितलं.

"म्या आवाज देल्ला असता तं थांबली असती," ते म्हणाले. "मले वाटलं, ते एकडाव वळून पाहीन. मंग देऊ आवाज."

ती वळली नाही आणि यांनी आवाज दिला नाही. मी ऐकून घेतलं. दोघंही सारखेच हट्टी, असं म्हणावंसं वाटलं, पण मामांनी दुपट्टा मुठीत चुरगळून धरला होता.

त्याच्या पुढच्या वर्षी मी गेले तर त्यांच्या दारासमोरची दगडी पायरी जागेवर नव्हती. उंबरठा एकदम गुडघ्याएवढा उंच. माझा पाय हुकला आणि मी पडता पडता वाचले.

"मामा, पायरी कुठे गेली?"

"काढून टाकली."

"काहून?"

"सुनीले म्हटलं व्हतं ना, पायरी चढू नको. आता पायरीच नाही. येईन तं कायची अडचन?"

थट्टा नव्हती ती. एकदा तोंडातून गेलेला शब्द मागे घ्यायची त्यांना सवय नव्हती, म्हणून त्यांनी पायरीच काढली. शेजारच्या म्हाताऱ्या त्यांच्याकडे यायच्या बंद झाल्या, चढताच यायचं नाही त्यांना. लोक म्हणाले, टावरवाल्याचं डोकं फिरलं. मीही घरी येऊन नवऱ्याला हा किस्सा हसत सांगितला. त्या हसण्याची आता लाज वाटते. पायरी काढली हे सुनीला कळवणार कोण, हा साधा प्रश्नही तेव्हा मला पडला नाही. तिचा पत्ता कुणाकडेच नव्हता.

मग घरोघरी गॅस आला. मला आनंदच झाला. मामी धुरात खोकत खोकत गेलेल्या मी पाहिल्या होत्या. टेकाडावरच्या बायकांनी शेगड्यांना हळदीकुंकू लावलं. एकटे मामाच हिरमुसले. पोडात नवाचे चार झाले, चाराचा एक. त्याच सुमाराला जंगलातली आग उपग्रहावरून दिसायला लागली, गार्डाच्या मोबाइलवर निरोप येऊ लागला. टॉवरच्या शिडीला कुलूप लागलं. गार्डानं मामांना तो मोबाइल कौतुकानं दाखवला. मामांनी तो लांब धरून बघितला आणि विचारलं, "त्याले सोनाबाई दिसते का?" सोनाबाई तेव्हा जाऊन बरीच वर्षं झाली होती. गार्ड नवा होता, त्याला काही कळलं नाही.

चार वर्षांपूर्वी माझ्या मुलीची हैदराबादला प्रवेश परीक्षा होती. मामांना कसं कळलं कोण जाणे. आदल्या दिवशी धुतलेलं धोतर नेसून, कापडी पिशवी घेऊन आमच्या दारात उभे राहिले.

"हैदराबादले जाऊन राह्यली म्हनते तू. मी बी येतो."

"तिथं काय करणार तुम्ही?"

"त्या गावात टावर आहे म्हनते," माझ्या खांद्यावरून कॅलेंडरकडे बघत मामा म्हणाले. "भल्ला उंच. लोकायले वर जाऊ देते."

बसमध्ये त्यांनी खरं काय ते सांगितलं. ढाब्यावरच्या एका ड्रायव्हरनं त्यांना सांगितलं होतं की सुनी हैदराबादेत राहते. रेल्वे फाटकाजवळ, ट्रका उभ्या राहतात तिथे, पिवळं घर आहे. एवढ्या वर्षांत हाती लागलेली बातमी ती एवढीच. मी म्हटलं, "मामा, एवढ्यावरून कसं सापडेल?"

"खालून नाही सापडत," मामा शांतपणे म्हणाले. "वरून पाह्यलं का सापडते."

त्यांच्या आयुष्यात ते खरंच होतं. वरून पाहिल्यावर न सापडलेलं घर त्यांना माहीत नव्हतं. मी तेव्हाच त्यांना समजावायला हवं होतं, पण मूग गिळून बसले. आपल्याला काय, टॉवर बघून म्हातारा खूश होईल, असा विचार केला.

मुलीला दुपारी परीक्षेला सोडलं आणि आम्ही टॉवरकडे गेलो. लिफ्टच्या दाराशी मामांनी चपला काढल्या, जोडीनं बाजूला ठेवल्या. तिथली बाई हसून म्हणाली, "बाबा, चप्पल पहन लो." मामा म्हणाले, "टावरपर चप्पल नहीं." शेवटी त्या मी हातात घेतल्या. लिफ्ट भर्रकन वर गेली. मामांना ती मुळीच आवडली नाही. "पायानं चढलं नाही तं किती वर आलो, कसं समजन?" ते म्हणाले.

वर चहूकडून काच होती. माणसं काचेला पाठ लावून स्वतःचे फोटो काढत होती. मामांनी फेरी सुरू केली. टॉवर गोल होता, त्यामुळे थांबायचं कुठे हे त्यांना कळेना. मग त्यांनी उन्हावरून आपल्या चार दिशा ठरवल्या आणि एकेक ठिकाणी थांबून बघितलं. मी तोंड मिटून मागे. एक फेरी झाली. दुपट्ट्याला गाठ पडली नाही. "हं, बोला आता" आलं नाही. त्यांनी दुसरी फेरी सुरू केली.

खाली नजर पोचेल तिथवर गच्च्या, पाण्याच्या काळ्या टाक्या, मधूनच एखादी काचेची इमारत. रेल्वेचे रूळ एक सोडून तीन ठिकाणी दिसत होते. "पिवळी घरं तं समदीकडंच आहेत व," मामा म्हणाले. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, आश्चर्य होतं. मी म्हटलं, चला, खाली चहा घेऊ. ते म्हणाले, "थांब. चुलीची येळ होऊ दे."

आम्ही थांबलो. ऊन कललं. मामा काचेला कपाळ लावून उभे राहिले. आमच्याकडे ज्या वेळेला भाकरी थापायला घेतात ती वेळ आली आणि गेली. एवढ्या मोठ्या गावातून चुलीच्या धुराची एक रेघ उठली नाही. शेवटी लिफ्टसोबत वर आलेल्या त्या बाईला त्यांनी विचारलं, "बाई, इधर चूल्हा कब जलाते?"

"चूल्हा कौन जलाता अब, बाबा? सबके घर गैस है."

मामांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. टेकाडावरही गॅसच होता. पण त्यांचा हिशेब वेगळा होता, तो त्यांनी मला आत्ता सांगितला. "मले वाटलं, सुनी पेटवत असन. तिले ठाऊक आहे, धुराबिगर मले दिसत नाही."

काचेत त्यांचं प्रतिबिंब पडलं होतं. मामांचं तोंड इतक्या जवळून, सरळ समोरून मी पहिल्यांदा बघत होते. मामा माझ्या ओळखीचे होते त्यापेक्षा फार म्हातारे होते.

"एवढं उंच कायले बांधलं मंग?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "मामा, मी शोधते सुनीला. आता फोनवर सगळं सापडतं." त्यांनी मान हलवली. मी शोधलं नाही. बापाला टाकून गेलेल्या सुनीचा राग होता, हे एक कारण. शाळा, परीक्षा, निवडणुकीची कामं, ही सांगायची कारणं. खरं कारण आळस. रोज उद्यावर टाकलं आणि उद्याला काही कमी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मुलीला घेऊन परत निघालो तेव्हा बसमध्ये मामा खिडकीशी बसले होते. आदिलाबाद गेलं, पैनगंगेचा पूल गेला, तरी एक शब्द नाही. आमचं टेकाड जवळ आलं आणि ते एकदम उठून उभे राहिले.

"पाह्य, पाह्य. माहं घर."

बसच्या उंच खिडकीतून टेकाडावरचं ते शेवटचं घर स्वच्छ दिसत होतं. मामा कायम त्या घरातून हायवेकडे बघत आले होते, या बाजूनं येताना हायवेवरून घराकडे बघायची वेळ त्यांच्यावर आली नव्हती. ते मागे पडेपर्यंत मान वळवून बघत राहिले. मग खाली बसले, दुपट्ट्याच्या टोकाला गाठ मारली आणि म्हणाले, "हं. बोला आता."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी अंगणाच्या कडेला, हायवेच्या बाजूला चूल मांडली. गॅसचं सिलिंडर पाहुण्यांना बसायचं स्टूल झालं. सकाळी उजाडलं की चूल पेटायची, दुपारी तिच्यात गोवरी धुमसत राहायची, संध्याकाळी पुन्हा जाळ. धूर दाट व्हावा म्हणून मामा त्यात ओला पाला टाकायचे. मोहफुलं वेचायला झाडाखालचा पाला पेटवणाऱ्यांशी ज्यांनी जन्मभर भांडणं केली, तेच हे मामा. शेजारच्या बाईनं वाळत घातलेल्या लुगड्यांना वास लागतो म्हणून तोंड सोडलं. सरपंचानं येऊन सांगितलं. मामांनी सगळ्यांच्या खांद्यावरून पलीकडे बघितलं आणि पाला टाकला.

मी विचारलं तेव्हा मात्र सांगितलं. "ट्रकवाल्याची बायको आहे ते. कवा ना कवा या रोडनं जाईन. मले ते नाही दिसत, पन तिले मी दिसतो. धूर पाह्यला का समजन, बाप आहे अजून. उतरन."

अशी तीन वर्षं गेली. मी महिन्या-दोन महिन्यांनी जायची. ते माझ्या फोनवरच्या शोधाबद्दल कधी विचारायचे नाहीत. विचारलं असतं तर बरं झालं असतं, खोटं बोलायला तरी जागा मिळाली असती. मी सिलिंडरवर बसून चहा प्यायची. दिवस बुडायच्या आधी मामा अंगणात उभे राहून चारी बाजूंना बघत. तांड्यावर काही नाही, पोडात काही नाही. मग मागे वळून आपल्याच चुलीकडे बघत आणि हजेरी लावत. "टेकाडावर एक."

गेल्या हिवाळ्यात वर्गात हजेरी घेत असतानाच फोन वाजला. अनोळखी नंबर.

"नीमे? मी सुनी बोलून राह्यली."

हजेरीवही तशीच उघडी ठेवून मी वर्गाबाहेर आले. ती म्हणाली, "मामाच्या घरी ये. बाबाले लय ताप आहे. भिंतीवर कोयशानं तुहा नंबर लिवलेला व्हता."

मी डॉक्टरला रिक्षात घालून घेऊन गेले. मामा बाजेवर होते, अंगात जीव नव्हता. दोन दिवस तसेच पडून होते. शेजाऱ्यांना वाटलं, पांढरकवड्याला भाचीकडे गेले. धूर बंद झाला म्हणून त्यांना उलट बरंच वाटलं होतं. डॉक्टरनं इंजेक्शन दिलं, सलाईन लावली, छातीत कफ आहे म्हणाला. दवाखान्यात न्यायचं म्हटल्यावर मामांनी बाजेचा काठ असा घट्ट धरला की तो विषय तिथेच राहिला.

सुनी उशाशी बसली होती. केसांत पांढरं आलेलं, अंगानं सुटलेली, पण तीच. मी माझा सगळा राग जमवून विचारलं, "आज बरी आठवण झाली तुला?"

"आज नाही व," ती म्हणाली. "माह्या नवऱ्याची गाडी तीन वर्सांपासून नागपूर लाइनले लागली. कवा कवा मी बी बसतो त्याच्यासंगं. दर खेपेस इथून गेली. केबिनमधून घर दिसे. चूल पेटलेली राहे. तो म्हने, उतर, भेटून ये. मी म्हनो, कायले? बाबानं पायरी चढू नको म्हटलं. धूर आहे तं बाबा बरे आहेत. आपन आपल्या जागी बसाचं." तिनं डोळे पुसले. "आज सकाळी पाह्यलं तं धूर नाही. म्हनून उतरली."

मामांचे डोळे मिटलेले होते, पण त्यांनी ऐकलं होतं. तीन वर्षं त्यांनी ज्या धुरानं तिला बोलावलं, त्याच धुरानं तिला दर वेळी पुढे धाडलं होतं. आणि धूर असेपर्यंत उतरायचं नाही, हे तिला शिकवलं कुणी? मला ओरडावंसं वाटलं. कुणावर, ते कळेना.

मामांनी डोळे उघडले. सुनीच्या खांद्यावरून नाही, सरळ तिच्या तोंडाकडे बघितलं.

"असं व्हय," ते म्हणाले. "मंग एक दिवस चूल बंद ठेवाले पाह्यजे व्हती म्या."

आणि हसले. हसता हसता खोकला लागला, सुनीनं त्यांना धरून बसवलं. ती रडत होती आणि ते तिच्या हाताचा आधार घेऊन तिच्याकडे बघत होते. मला पहिल्यांदा त्या घरात आपण जास्तीचे आहोत असं वाटलं आणि ते वाटणं बरं वाटलं.

संध्याकाळी मी निघाले. सुनी पेज करायला अंगणातल्या चुलीकडे वळली तसे मामा आतून म्हणाले, "चूल नको पेटवू. गॅसवर मांड."

"त्या शेगडीवर इंचभर धूळ आहे, बाबा."

"तं पुसून घे. आता कोनाले दाखवाचं आहे?"

सुनीनं स्टूल झालेलं सिलिंडर ओढत आत नेलं. पायरी नसलेल्या उंबरठ्यावरून ते चढवताना मी एका बाजूनं हात लावला. मी दारातून "येते मामा" म्हटलं तेव्हा ते मान वळवून शेगडीपाशी बसलेल्या सुनीकडे बघत होते. त्यांनी माझ्याकडे लक्ष दिलं नाही. मी त्यांना बघितलं ते शेवटचंच. चार दिवसांनी ते गेले, झोपेतच, सुनी घरात असताना.

मी निघाले त्या संध्याकाळी टेकाड उतरून रिक्षा हायवेला लागत होती, तेव्हा मी ती थांबवायला सांगितली आणि वळून बघितलं. दिवस बुडायला आला होता, चुलीची वेळ होती. वरच्या घरावर धूर नव्हता. मामांच्या नियमानं मी तिथेच उतरून परत जायला हवं होतं. मी रिक्षावाल्याला म्हटलं, चला.